जीभ गेली तेव्हाचा चहा

माझी बायको मंगल आणि सोलापूरचा चहाचा दलाल मुनीर, या दोघांनी मिळून मला फसवलं. मी आजारी असताना फसवलं, माझ्याच धंद्यात फसवलं आणि माझीच युक्ती वापरून फसवलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं या दोघांबद्दल मी बरंच चांगलं लिहिणार आहे. वाचणाऱ्याला वाटायला नको की मी विसरलो.

मला जिभेचा कॅन्सर झाला होता. आता बरा आहे, तपासणीला जातो, दुकानात बसतो. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरची माणसं विचारायची, "चव परत येती का हो?" तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी बोलता येत नव्हतं. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

भाजलं असंल

ढोकीत कारखान्याच्या रस्त्यावर माझं सुट्या चहाचं दुकान आहे. सुरुवात टपरीनं केली. उकळता उकळता कळलं की खरा धंदा कपात नाही, पुडीत आहे. बारीक पूड, दाणेदार, लांब पत्ती वेगवेगळी आणायची आणि आपल्या अंदाजानं मिसळायची. मग वेलचीचा, सुंठेचा, तुळशीचा, गवती चहाचा असे प्रकार केले. ऊसतोडीच्या टोळ्यांना कडक लागतो, ट्रॅक्टरवाल्यांना त्याहून कडक, मास्तर लोकांना वेलचीचा. हे मला कुणी शिकवलं नाही. वडील बैलबाजारात दुसऱ्याची जनावरं हाकायचे. त्यांनी मला भाव करायला शिकवलं, बाकी सगळं माझ्या जिभेनं.

चव घेण्याची एक रीत आहे. चहा गरम असतानाच चमचाभर तोंडात जोरात ओढायचा, जिभेवर फिरवायचा आणि थुंकायचा. चटके बसतात. या धंद्यात जिभेला फोड नाही असा माणूस मला भेटलेला नाही.

माझी एक युक्ती होती, तीही इथंच सांगतो. नवा दलाल आला की मी एकच चहा दोन कपांत ओतून त्याच्यापुढं ठेवायचो आणि विचारायचो, "कुठला बरा?" जो लगेच एका कपाचं कौतुक सुरू करील त्याला मी पाणी पाजून वाटेला लावायचो. जो दोन्ही चाखून म्हणेल, "सेठ, चेष्टा करतासा का?" त्याच्याशी धंदा करायचो. असं म्हणणारा एकच भेटला, तो मुनीर. त्याच्याशी मी वर्षानुवर्षं भांडत आलोय.

तर जिभेच्या उजव्या कडेला पांढरट चट्टा आला तेव्हा मी म्हणालो, भाजलं असंल. दुसऱ्या कुणाला असा चट्टा आला असता तर तो घाबरून डॉक्टरकडं गेला असता. मी जिभेच्या चटक्यांतला जाणकार, मी कशाला जातोय? जाईची पानं चावली. साजूक तूप लावलं. चट्टा हटेना, उलट कडा टणक झाली. मी चव घ्यायची बाजू बदलली आणि डाव्या कडेनं चहा चाखायला लागलो.

मंगल म्हणाली, "भाजलेलं आठ दिवसांत बरं हुतंय. हे भाजलेलं न्हाय."

"तुला काय कळतंय चहातलं?"

"चहातलं न्हाय कळत. तोंडातलं कळतंय."

मी ओरडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेलो तर ती पायरीवर बसलेली, किल्ल्या कमरेला. गिऱ्हाईक आलं की सांगायची, "आज दुकान बंद हाय, मालक धाराशिवला दात दाखवायला चाललेत." तिसऱ्या गिऱ्हाइकानं मला तिथंच विचारलं, "मालक, अजून गेला न्हाई व्हय?" मग मी गेलो.

धाराशिवच्या दातांच्या डॉक्टरनं तोंडात बॅटरी मारली, बोटानं कडा दाबली, हातमोजे काढले आणि विचारलं, "सोबत कोण आहे?"

"मीच हाय माझ्यासोबत. बोला."

दार उघडून त्यानं मंगलला आत बोलावलं. तेव्हाच मला समजलं. पुढं तुकडा तपासायला गेला, अहवाल आला, हे सगळं नंतरचं. माझ्यासाठी तो दिवस म्हणजे दार उघडून बायकोला आत बोलावलं तो दिवस.

वाचणाऱ्यानं एवढं एक ध्यानात ठेवावं. तोंडातला फोड बरा होत नसेल तर कारण शोधत बसू नका. दाखवा. कारण आपल्याला आपल्याच सोयीचं सापडतं.

भाव

सोलापूरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी कागदावर जीभ काढली आणि किती भाग कापावा लागेल तिथं रेघ मारली. मी पेन घेतलं आणि त्या रेघेच्या अलीकडं दुसरी रेघ मारली.

"इथवर काढा."

"काका, हा भाव करायचा माल नाही."

"भाव समद्याचाच हुतो बाई."

"कमी कापलं आणि काही आत राहिलं तर परत यावं लागेल. तेव्हा मी इथून कापीन." त्यांनी तिसरी रेघ मारली, अगदी मधोमध.

उभ्या आयुष्यात मला पहिल्यांदा असं माणूस भेटलं की ज्यानं एकदा आकडा सांगितला आणि पापणीसुद्धा लवू दिली नाही. मी सही केली. त्या बाईंचे उपकार मी कधी विसरणार नाही.

त्यांनी तंबाखूचं विचारलं. मी कधीच खाल्ली नाही, चव घेणाऱ्याला ते चालतच नाही. बाई म्हणाल्या, कधी कधी कारण सापडत नाही. मला आजाराचा आला नाही एवढा राग या उत्तराचा आला. कारण असतं तर त्याच्याशी भांडलो असतो.

मुनीरचं घर

ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर लाईट घ्यायची होती, म्हणजे किरणांचा शेक. रोज जायचं, फक्त शनिवार-रविवार सुट्टी. ढोकीहून रोजचं येणं-जाणं जमणारं नव्हतं. मी मंगलला लॉज बघायला सांगत होतो, अर्थात हातवारे करून, कारण शब्द धड फुटत नव्हते. तेवढ्यात नमुन्यांची पिशवी खांद्याला अडकवून मुनीर आला.

"लॉज कायको, सेठ? घर हाय ना माझं."

मी मान हलवली. ज्याच्याशी भाव करायचा त्याच्या घरचं खायचं नाही, हा माझा नियम.

"खातो कुठं तू? नळी हाय नाकात," मुनीर म्हणाला. मंगल आजारपण सुरू झाल्यापासून पहिल्यांदा हसली. त्याच्या घरी गेलो.

लाईटची खोली थंड असते. चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा करतात आणि तो टेबलाला घट्ट अडकवतात. हलता येत नाही, गिळताना भीती वाटते. माझ्यासारख्या माणसाला सगळ्यात अवघड गेलं ते हे की तिथं ओरडता येत नाही. मी डोळे मिटून मनातल्या मनात दुकानातले डबे लावायचो. वरच्या फळीवर वेलचीचा, मग सुंठेचा, मग तुळशीचा. खालच्या फळीवर पोचेपर्यंत यंत्र थांबायचं.

बाहेरच्या बाकावर जळकोटचे एक गृहस्थ असायचे, बायकोला घेऊन यायचे. पंख्याखालची जागा ते माझ्यासाठी धरून ठेवायचे. मी आलो की उठायचे, म्हणायचे, "बसा, गरम करून ठेवली." आम्ही एकमेकांची नावंही विचारली नाहीत. पण मुखवटा निघाला की मला त्या बाकाची आठवण यायची आणि बरं वाटायचं.

मग तोंड सोललं. नळी निघाली होती, आता तोंडानं घ्यायचं होतं, आणि घेववत नव्हतं. लाळ चिकट झाली. आणि एका सकाळी चव गेली. कमी नाही झाली, गेली. दूध, पेज, ताक सगळं एकच. वाससुद्धा सगळ्याला एकच, तापलेल्या लोखंडासारखा. चहा म्हणजे कोमट पाणी. मी कप भिंतीवर फेकला. मुनीरच्या घरातला, फुलं असलेला, चांगला कप.

मुनीरची बायको शमीमभाभी आली, तुकडे गोळा केले, भिंत पुसली. दुसऱ्या सकाळी माझ्यापुढं स्टीलचा पेला ठेवला. "ये फेको अब भाईसाब. आवाज मोठा येतो, मजा येते."

फेकला नाही. पण प्यायलोही नाही. काही प्यायलो नाही तर परत नळी घालतील, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मंगल रोज वेगळं नाव घेऊन चहा आणायची. "आज गवती चहा टाकलाय, माझ्या माहेरच्या परसातला, तेरहून भावानं आणून दिला." "आज सुंठ हाय, जरा." "आज वेलची." नाव ऐकलं की मी दोन घोट घ्यायचो. लागायचं काही नाही. मी मान हलवायचो. ती पेला उचलून आत जायची.

मला आतून एकच धास्ती होती. गळीत हंगाम जवळ येत होता. टोळ्या येण्याआधी वर्षातली सगळ्यात मोठी खरेदी करावी लागते. ती चुकली की वर्ष गेलं. आणि ती मी माझ्या जिभेशिवाय कधी केली नव्हती. जीभ नसलेला चहावाला, हे वाक्य मला माझ्या डोक्यात पुरं करता येत नव्हतं.

म्हणून एक दिवस मंगल म्हणाली, "आज वेलची हाय," तेव्हा मी घोट घेतला, डोळे मिटले आणि बोललो, "लागली."

"काय?"

"वेलची. लागली."

तिनं माझ्याकडं बघितलं, तोंड फिरवलं आणि पदर लावून स्वयंपाकघरात गेली. आत शमीमभाभीचा आवाज आला, मग दोघींचा रडण्याचा. मला वाटलं, आनंदानं रडतायत. मला बरं वाटलं. खोटं बोलून का होईना, बायकोला एक दिवस बरा दिला. मग मी रोज द्यायला लागलो. आज सुंठ झणझणली. आज गवती चहाचा वास आला. ती मान डोलवायची आणि मी पेला संपवायचो. अशा रीतीनं नळी टळली.

टॉवेलाखाली

लाईट संपली. मुनीरच्या घरून निघताना भाभीनं तो स्टीलचा पेला माझ्या पिशवीत घातला. ढोकीत आलो. हंगाम तोंडावर आला आणि मुनीर नमुने घेऊन दुकानात हजर झाला. मंगलनं चहा करून दोन कप माझ्यापुढं ठेवले. मुनीर म्हणाला, "दोन माल हायत सेठ. तू सांग कुठला."

मी डाव्यातला चमचाभर ओढला. फिरवला. थुंकला. मग उजव्यातला. पूर्वीसारखाच, सगळी ऐट करून. मला दोन्हीत काही लागलं नाही. रंगात फरक दिसेना. मी मुनीरच्या तोंडाकडं बघितलं, ते नेहमीसारखं बंद. शेवटी मी डावा कप बोटानं ढकलून दिला.

"ह्यो फिका हाय. ह्यात दम हाय." उजवा कप मी जवळ ओढला.

माझं बोलणं अजून बोबडं होतं, भाव करताना तर कुणालाच कळलं नसतं. म्हणून मी मांडीवर टॉवेल पसरला. बैलबाजारात दलाल टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून भाव करतात, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. मुनीरलाही ते येतं. त्यानं हात आत घातला.

मी माझा भाव दाबला. खूप खालचा, मुनीरनं हात झटकून उठावं एवढा खालचा. तो नेहमी असंच करतो. हात काढून घेतो, दारापर्यंत जातो, चपलेत पाय घालतो, मग परत येतो. या वेळी त्याचा हात हललाच नाही. त्यानं माझी बोटं धरून ठेवली, आणि मग हळूच दाबलं. कबूल.

जीभ मेली होती, बोटं मेली नव्हती. मुनीर पहिल्या दाबाला भाव सोडत नाही. मी टॉवेल ओढून काढला. मुनीर भिंतीकडं बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय केलंस?" मी विचारलं.

उत्तर मंगलनं दिलं. "दोन्हीत एकच चहा व्हता."

मी दोन्ही कप हातानं उडवले. चहा नमुन्यांवर सांडला. मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही, निम्मं तर कुणाला कळलंही नाही, त्यामुळं राग आणखी वाढला. मंगल हलली नाही.

"आन ऐका. भाभीच्या घरी मी एक दिवस वेलची घातली न्हाय. सुंठ न्हाय, काय न्हाय. तोंड सोललेलं तुमचं, आग झाली आसती. निस्तं नाव घ्यायची, दोन घोट पोटात जावं म्हणून. तुम्ही म्हणालात, लागली."

मी टॉवेल सांडलेल्या चहावर टाकला.

"मग तवाच का न्हाय सांगितलंस?"

"तुम्ही तरी कुठं सांगितलं?"

स्वयंपाकघरात त्या दोघी कशासाठी रडल्या ते मला त्या क्षणी कळलं.

मुनीरनं ओले नमुने गोळा केले. "सेठ, तू असल्या जिभेवर हंगामाचा माल घेतला असता ना, तर कुणी काय पण विकलं असतं तुला. मंगलवहिनी बोलली, एकदा बघा. म्हणून बघितलं."

कडू

त्या हंगामाची खरेदी मंगलच्या जिभेवर झाली. मी पत्ती तळहातावर चोळून, उजेडात धरून, दाण्यावरून सांगायचो. ती चाखायची. कुठं अडलं की मुनीर खरं सांगायचा, आणि तसं करताना त्याला किती त्रास होतोय हे बघायला मला मजा यायची. मिसळ तिनं केली. गवती चहाचा एक प्रकार तिनं स्वतःच्या अंदाजानं बनवला आणि मला न विचारता वरच्या फळीवर ठेवला. ट्रॅक्टरवाले येऊन म्हणायला लागले, "मालक, वहिनींचा द्या." मी देत होतो. काय करणार?

एक दिवस ती मुलीशी फोनवर बोलत राहिली आणि चहा गॅसवर उकळून उकळून काळा झाला. मी दुकानातून घरात आलो, होता तोच पेल्यात ओतून घेतला, भाभीच्या पेल्यात. घोट घेतला आणि जिभेच्या मागं काहीतरी झालं. ओळखायला क्षण लागला.

"कडू!" मी ओरडलो. "अगं, कडू लागतंय!"

मंगलनं फोन कानाला तसाच ठेवला. "पुन्हा सुरू झालं का तुमचं?"

तिनं विश्वास ठेवला नाही. का ठेवावा? मला भिंतीकडं तोंड करून, डोळे मिटून बसवलं. एका कपात तो जळका चहा, बाकीच्यांत साधा. मी चाखून बोट दाखवलं. तिनं कप फिरवले, पुन्हा दाखवलं. पुन्हा फिरवले. मग ती खाली बसली, माझ्या शेजारी, ओट्याला टेकून, आणि फोनमध्ये म्हणाली, "बाई, तुझ्या बापाला कडू लागलं गं." पलीकडून मुलगी विचारत होती, "कडू? मग रडतीस कशाला?"

त्यानंतर चवी आल्या, पण आपल्या मर्जीनं. खारट आलं. गोड बरेच दिवस खडूसारखं लागायचं, मग एका गुळाच्या चहात ते जागेवर बसलं. सुंठ आली. गवती चहा आला तो सकाळी दारात उभा असताना, वाफेबरोबर, आणि मी गिऱ्हाइकाला सुट्टे द्यायचं विसरून तसाच उभा राहिलो. तोंड अजून कोरडं पडतं, बाटली जवळ ठेवतो. जिभेची उजवी कड नाही, त्यामुळं काही अक्षरं घसरतात. पण चहाचा घोट आता मी थुंकत नाही. चाखायचा असला तरी गिळतो. पूर्वी दिवसाला कितीतरी कप तोंडात घेतले आणि एकही प्यायलो नव्हतो, हे मला आजारपणानं दाखवलं.

ज्यांची चव गेली आहे त्यांना सांगतो. खोटं "लागली" म्हणू नका. घरच्यांना आधीच कळलेलं असतं. आणि घोट घेत राहा, नाव ऐकून का होईना.

आता माझी तक्रार.

मंगलचा तो गवती चहा मी रोज चाखतो. त्यात काय आहे ते मी बहुतेक सगळं ओळखलं. गवती चहा, सुंठ, थोडी बडीशेप, नखभर जायफळ. पण त्याखाली आणखी काहीतरी आहे, घोट गेल्यावर मागं राहतं. ते मला सापडत नाही. मंगलला विचारलं तर म्हणते, "ओळखा की. जीभ आली न्हवं?" मुनीरला विचारलं तर म्हणतो, "वहिनींनी शपथ घातली." शमीमभाभी फोनवर नुसती हसते.

आणि माझ्या मनात आता दुसराच संशय आहे. त्यात तसं काही नसेलच तर? सुंठ-जायफळाखाली काही नाही, आणि ही दोघं मिळून मला पुन्हा तेच दोन कप पाजत असतील तर?

मंगल, मुनीर. लोकांसमोर विचारतोय, आता टाळता येणार नाही. तुम्ही माझी नळी टाळली, माझं दुकान वाचवलं, मला घरात ठेवून घेतलं, ते सगळं मान्य. पण या चहात काय आहे, आणि आहे की नाही, याचं उत्तर मला पाहिजे. येत्या रविवारी दुकानात या, माझ्यासमोर बसा आणि द्या. या वेळी टॉवेल मी बाजूला काढून ठेवतो.